गवताचं इंजिन

विजापूर वेशीच्या भंगारात
मोडक्या सायकलींखाली ते पालथं पडलं होतं,
हिरवा रंग उडालेला, एका चाकाच्या जागी लाकडी गुट्टा.
दस्तगीरनं काट्यावर चढवलं. एकतीस किलो.
"लोखंडाच्या भावानं न्या, गड्डम मास्तर,
नावाचे पैसे नकोत."
नाव नव्हतंच. पितळी पाटी
कुणीतरी आधीच काढून विकली होती.
उरली होती रिव्हेटची चार भोकं.

बायको म्हणाली, गवत कापायचं यंत्र?
सोलापुरात?
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
दारात शहाबादी फरशी,
आणि एक तुळस, तिचीही पानं मोजून.

बरोबरच होतं तिचं.
पण बेचाळीस वर्षं मी मागांवर जकार्ड बसवले,
बंद पडलेल्या यंत्राला
कशासाठी चालायचंय तुला, असं कधी विचारलं नाही.

टाकीत गंज. मूठभर खडी आणि सायकलची चेन घालून
तासभर मांडीवर हलवली,
चहाच्या रंगाचा गाळ निघाला.
पॉइंट काळे पडलेले. पॉलिश पेपर फिरवला,
फट जुळवली भाचीच्या लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यानं.
(तिचं पुढं जुळलं नाही,
पण पत्रिकेचा कागद चांगला होता.)
गास्केट बाजारात कुठलं मिळणार.
माळ्यावरून काढला चादरीच्या नक्षीचा जुना पुठ्ठा,
मोराच्या मानेची ओळ असावी,
भोकं चुकवत चुकवत कापलं,
कार्ब्युरेटरच्या मागं बसवलं.
ओढायची दोरीही मागाचीच.

ओकटी. रेंडु. मूडु.
मोजणी माझी अजून तेलुगूतच होते.
विसाव्याला खांदा बोलायला लागला.
प्लग काढला, तव्यावर तापवला, पुन्हा लावला.
तिसऱ्या दिवशी एकदा फुरफुरलं,
निळा धूर सोडून गप्प झालं,
आणि खालून पेट्रोल ठिबकायला लागलं.

वाटी उघडली.
बुचाच्या फ्लोटवर मीच दिलेला लाखेचा हात
विरघळून सुईला चिकटला होता,
पाक बिघडल्यासारखा.
दस्तगीर म्हणाला, "पेट्रोलात आता उसाचं स्पिरिट असतंय की ओ."

ऊस.
हिवाळाभर रात्री ट्रॅक्टर जातात, दोन दोन ट्रॉल्या,
मागं रस्त्यावर सांडलेली कांडी.
ऊस म्हणजे तरी काय? शाळेत शिकलो होतो,
गवताचीच जात.
जन्मभर गवत कापलेल्या इंजिनाला
मी गवत पाजत होतो
आणि ते ओकत होतं.

मग सरबताच्या बाटलीत पेट्रोल घेतलं,
बायकोकडून वाटीभर पाणी मागितलं.
तिनं हंड्यात आधी डोकावून पाहिलं, मग दिलं.
हलवून ठेवलं उंबऱ्यापाशी सावलीत.
ऊस पाण्याबरोबर खाली बसला,
वर तरंगलं जुनं, निखळ पेट्रोल.
नळी लावून तेवढंच काढलं.

आरु. एडु.
आठव्या झटक्याला ते बोललं.

सगळी गल्ली बाहेर आली. पोरांनी कान झाकले.
शेवटच्या घरातून यल्लव्वा आली, भिंत धरत.
मिलच्या मॅनेजरच्या बंगल्यात
ती यंत्रामागून पोतं घेऊन चालायची,
कापलेलं गवत म्हशीला न्यायची,
हे मला त्या दिवशी कळलं.
डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नाही.
बराच वेळ ऐकत उभी राहिली.
"असं सरळ बोलत नव्हतं ते," म्हणाली.
"मधी एकदा ठसकायचं, मग पुढं जायचं."

मी मिक्स्चरचा स्क्रू पाव आटा फिरवला.
ठसकलं.
"हां," ती म्हणाली.

मग पायानं चाचपली फरशी,
इकडं, तिकडं.
"बंद करा की, मास्तर.
पेट्रोल उगा जळलालंय."